धरणारा आणि सोडणारा चाप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन आपण दिवसातून दहा वेळा काढतो आणि दहा वेळा परत लावतो. त्या पेनाला एक क्लिप असते. वाकून काही उचलताना पेन पडू नये, हे तिचं काम. आणि सही करायची वेळ आली की न बघता, एका हाताने ते निघावं, हेही तिचंच काम. घट्ट धरायचं आणि मागितलं की सोडायचं, अशी दोन उलटी कामं एकाच पट्टीवर सोपवलेली असतात. मराठीत अशा वस्तूला सुरेख शब्द आहे, चाप. नाक न टोचता घालायची चापाची नथ आपल्या ओळखीची आहे. चाप सैल असला तर नथ लग्नाच्या गर्दीत हरवते, घट्ट असला तर नेसून-सवरून बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. चांगला चाप म्हणजे काय, हे तिच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही.

आज मी अशाच एका चापाविषयी बोलणार आहे. घडीच्या चाकूच्या मुठीला स्क्रूने बसवलेली आणि चाकू खिशाच्या काठावर अडकवून ठेवणारी ही क्लिप. लांबी साधारण दोन इंच, रुंदी करंगळीच्या नखाएवढी. अमेरिकेत काही कारागीर ही एवढीशी वस्तू टायटॅनियम नावाच्या धातूतून एकेका गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे घडवतात. मी जन्मभर टूल-रूममध्ये काम केलेला माणूस. मला या कामाचं अप्रूप वाटतं ते अशासाठी, की फिटरची जवळजवळ सगळी विद्या त्या दोन इंचांत येते. मोजणं, आखणं, कापणं, भोक पाडणं, कानस मारणं, वाकवणं आणि शेवटी हाताच्या अंदाजाने जमवणं.

आता 'खिशातला चाकू' म्हटलं, की आपल्याला रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावाचं नाव हिंदी सिनेमाने खलनायकाच्या हातात देऊन टाकलं आणि ते तिथेच राहिलं. अमेरिकेत मात्र खिशातला घडीचा चाकू हे मुख्यतः कामाचं हत्यार आहे. सुतार, वायरमन, शेतकरी, मासेमारी करणारे, ट्रकवर माल चढवणारे अशा लोकांना खोकं फोडायला, दोरी कापायला, वायरचं आवरण सोलायला तो दिवसभर लागतो. पूर्वी तो खिशाच्या तळाशी किल्ल्या आणि चिल्लर यांच्यात पडलेला असे, नाहीतर कमरेच्या पट्ट्याला चामड्याच्या म्यानात. काढायला एक हात, आणि पात्याच्या खाचेत नख घालून उघडायला दुसरा.

हे बदललं ते 1981 मध्ये. कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावी सॅल ग्लेसर आणि त्यांच्या पत्नी गेल यांची स्पायडर्को ही कंपनी. आधी ती धार लावायची साधनं विकत असे. त्या वर्षी कंपनीने 'वर्कर' नावाचा चाकू बाजारात आणला. पात्याला एक मोठं गोल भोक होतं. अंगठा त्यावर टेकवून रेटला की पातं एका हाताने उघडे. आणि मुठीला होती एक पोलादी क्लिप. या दोन गोष्टी एकमेकींसाठीच होत्या. शिडीवर चढलेल्या माणसाचा एक हात शिडीला असतो. जनावराचा दोर धरलेल्या शेतकऱ्याचा एक हात दोराला असतो. त्याला चाकू एका हाताने सापडायला हवा आणि त्याच हाताने उघडायलाही हवा. क्लिपेमुळे तो रोज त्याच जागी, त्याच दिशेने उभा राहू लागला. पुढे घडीच्या चाकूला क्लिप असणं ही रीतच पडली.

मग कारखान्याची क्लिप चाकूबरोबर फुकट मिळत असताना कोणी पैसे मोजून वेगळी का करून घेतं? कारण कारखाना सगळ्यांसाठी एकच क्लिप काढतो आणि खिसे सगळ्यांचे वेगळे असतात. जीन पँटची दुमडलेली, शिवलेली किनार जाड असते, सुती पँटची पातळ. जिथे जीनची किनार जेमतेम शिरते, तिथे सुती पँट सैल पडते. काही क्लिपा अशा बसवलेल्या असतात, की चाकूचं अर्धा इंच टोक खिशाबाहेर डोकावत राहतं आणि खुर्चीच्या हाताला, गाडीच्या पट्ट्याला अडकतं. काहींची कड तळहाताला नेमकी टोचते. पाच मिनिटं खोकी कापा, काही वाटणार नाही. तासभर कापा, तिथे फोड येतो. शिवाय दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. पुष्कळ चाकूंची क्लिप उजव्या खिशाचाच विचार करून लावलेली असते, आणि डावखुऱ्याने आपलं हत्यार रोज उलटं काढावं अशी अपेक्षा असते. त्याच्यासाठी उलट्या बाजूची क्लिप कोणी करून दिली, तर ती चैन म्हणता येणार नाही.

आता टायटॅनियमच का, ते पाहू. 1791 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत एक अनोळखी धातू असल्याचं आढळलं. 1795 मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून नाव दिलं. तशी काळी, जड वाळू आपल्याकडेही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती सापडते, केरळात तर मुबलक सापडते. तिच्यातलं खनिज म्हणजे इल्मेनाइट. जगात निघणाऱ्या या खनिजाचा फार मोठा भाग धातू म्हणून वापरलाच जात नाही. त्यापासून पांढरी पूड करतात आणि ती घराच्या रंगात, प्लॅस्टिकमध्ये, टूथपेस्टमध्ये जाते. धातू मोकळा करणं कठीण, कारण तो प्राणवायूला घट्ट धरून असतो. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी मॅग्नेशियमच्या मदतीने तो सोडवण्याची रीत बसवली, तेव्हा 1940 साल उजाडलं होतं. आपल्या देशात केरळातल्या चवरा इथे टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे या कच्च्या धातूचा कारखाना 2011 मध्ये सुरू झाला, तोही मुख्यतः अवकाश आणि संरक्षण यांच्या गरजेपोटी.

विमानांसाठी घडवलेला हा धातू चाकूच्या मुठीत आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांपैकी एक ख्रिस रीव्ह. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, 1989 मध्ये ते अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी इथे आले. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचं नाव 'सेबेन्झा'. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम. या चाकूची मूठ टायटॅनियमच्या दोन पाट्यांची असते. एका पाटीला चीर देऊन तिचाच एक भाग स्प्रिंगसारखा मोकळा केलेला असतो. पातं उघडलं की तो भाग सरकून पात्यामागे बसतो आणि पातं मिटू देत नाही. मूठ, स्प्रिंग आणि अडसर, तिन्ही कामं एकाच तुकड्याची. टायटॅनियम स्प्रिंग म्हणून वागू शकतं, हे त्यातून हजारो लोकांच्या हाताला कळलं. क्लिपही मग त्याच धातूची असावी, हे ओघानेच आलं.

क्लिपांसाठी बहुधा टायटॅनियमचा जो मिश्रधातू वापरतात, त्यात सुमारे सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. एक घन सेंटिमीटर पोलादाचं वजन सुमारे 7.8 ग्रॅम, तर या धातूचं सुमारे 4.4 ग्रॅम. पण दोन इंची क्लिपेत वजनाचा फरक अवघा दोन ग्रॅमचा पडतो. त्यासाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. तो घामाने गंजत नाही, ही जमेची बाजू. खरा गुण लवण्याचा आहे. कोणतीही पट्टी थोडी वाकवली तर सुटल्यावर सरळ होते. जास्त वाकवली तर वाकडीच राहते. ती मर्यादा साध्या लोखंडी पट्टीच्या तुलनेत या मिश्रधातूत सुमारे सहापट लांब आहे. म्हणजे दीड मिलिमीटर जाडीची पट्टीसुद्धा जीनच्या किनारीसाठी उचलली जाते आणि पुन्हा आपल्या जागी येते. हे न्यायाने सांगायला हवं, की चांगला स्प्रिंगचा पोलादी पत्राही हे काम उत्तम करतो. तो पातळ असतो आणि स्वस्तही. टायटॅनियमवर ओरखडे लवकर उठतात. तेव्हा धातूच्या नावाने क्लिप चांगली होत नाही. ती चांगली होते घडणीने.

घडणीची सुरुवात मोजण्यापासून. क्लिपेचे स्क्रू बहुतेक दोन किंवा तीन असतात, पण त्यांच्या भोकांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. एकाची क्लिप दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून जुनी क्लिप काढून मुठीवर पातळ कागद ठेवतात आणि पेन्सिल आडवी धरून घासतात, लहानपणी आपण नाण्याचा छाप घ्यायचो तसं. त्यावरून आकाराचा अंदाज येतो. नेमकं माप मात्र व्हर्नियरनेच घ्यायचं. भोकाचं मध्य कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं. दोन्ही भोकं सारखी असली की तेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. इथे पाव मिलिमीटरची चूकसुद्धा स्क्रू तिरका बसवते.

मग पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो मुठीवर आणि खिशात लावून पाहायचा, आणि पटला की पत्र्यावर आखायचा. कापायला साधी हॅकसॉ चालते, पण घाई चालत नाही. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, पोलादाच्या मानाने सहा-सात पटींनी हळू. त्यामुळे कापताना झालेली उष्णता पत्र्यात पसरत नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साचते आणि टोक जळतं. म्हणून ड्रिलचा वेग कमी, दाब पुरेसा, तेल भरपूर. ड्रिल नुसतं घासत ठेवलं की संपलंच. शिवाय हा धातू हत्याराला चिकटतो. कानशीच्या दातांत कण अडकतात आणि तेच कण पुढच्या हाताला कामावर ओरखडे पाडतात. म्हणून कानस मधूनमधून तारेच्या ब्रशने झाडावी लागते.

एक धोका आवर्जून सांगतो. टायटॅनियमचा तुकडा सुरक्षित, पण त्याची बारीक भुकटी पेट घेते. ग्राइंडरवर धरला की पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात. त्या ठिणग्या खाली साचलेल्या भुशात पडल्या की आग लागू शकते. त्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, कारण तापलेला धातू पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतो आणि आग भडकते. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठी मिळणारी खास पावडर हाताशी ठेवावी लागते. भुसा रोज झाडून टाकणं हा इथे शिस्तीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

यानंतरचं काम म्हणजे वाकवणं, आणि कारागिराची परीक्षा इथेच होते. जो गुण क्लिपेला स्प्रिंग बनवतो, तोच आता आडवा येतो. वाइसमध्ये धरून पट्टी तीस अंश वाकवली, की सोडल्यावर ती बरीच मागे येते. कारखान्यात याला स्प्रिंग-बॅक म्हणतात. म्हणजे हव्या त्या कोनापेक्षा पुढे वाकवायचं आणि तिला हव्या त्या जागी परत येऊ द्यायचं. किती पुढे, ते पत्र्यापत्र्यागणिक बदलतं. वाक फार अरुंद घेतला तर बाहेरच्या बाजूला चीर जाते. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला थंड वाकवताना आतल्या गोलाईची त्रिज्या सहा-सात मिलिमीटर तरी ठेवावी लागते. त्याहून अरुंद हवा असेल तर टॉर्चने लाल करून वाकवावं लागतं. पण लाल झालेला धातू हवेतला प्राणवायू शोषतो आणि त्याच्या अंगावर कडक, ठिसूळ साल तयार होते. ती घासून काढली नाही, तर पुढे तिथूनच तडा जातो. या कटकटीमुळे काही कारागीर वाकवतच नाहीत. जाड पाटीतून सीएनसी यंत्रावर अख्खा आकारच कोरून काढतात.

क्लिप किती घट्ट होणार, हे ठरवणारं गणित मात्र दोन्ही रीतींना सारखंच लागू आहे, आणि ते मोठं मजेदार आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दीड मिलिमीटरवरून 1.2 केली, म्हणजे फक्त पाचवा हिस्सा कमी केला, तर ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. लवणाऱ्या भागाची लांबी 40 मिलिमीटरवरून 50 केली, तरी तोच परिणाम. म्हणून अनुभवी कारागीर क्लिप सगळीकडे सारखी जाड ठेवत नाही. स्क्रूजवळ, जिथे पट्टी खरोखर लवते, तिथे तो कानशीचे मोजके हात मारून तिला बारीक करतो आणि प्रत्येक वेळी बोटाने दाबून पाहतो. पाच हात जास्त पडले तर काढलेला धातू परत लावता येत नाही.

खिशाचं नशीब ठरतं क्लिपेच्या टोकापाशी. टोक किंचित वर उचललेलं असावं लागतं, होडीच्या नाळेसारखं, म्हणजे कापडाची किनार आपोआप खाली सरकते. उचल कमी पडली तर प्रत्येक वेळी क्लिप बोटाने उघडावी लागते. जास्त झाली तर दारात, पिशवीत, बसच्या दांड्यात ती अडकते. मूठ खरखरीत असेल, तर क्लिपेखालचा तेवढा भाग गुळगुळीत करून घ्यावा लागतो. नाहीतर तिथे पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं आणि दोन-चार महिन्यांत पँटच्या किनारीचे धागे निघतात. सगळ्या कडा मारायच्या, कोपरे गोल करायचे, आणि मग मूठ गच्च आवळून पाहायची. हाताला क्लिप जाणवली, तर काम अजून बाकी आहे.

राहिला रंग. टायटॅनियमवर दिसणारे निळे-जांभळे रंग लावलेले नसतात. सोडा विरघळवलेल्या पाण्यात क्लिप बुडवून तिला विजेच्या धन टोकाशी जोडतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका. थर स्वतः पारदर्शक असतो. त्याच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळून रंग दिसतो, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखा. थर किती जाड होणार ते विजेच्या दाबावर ठरतं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडल्या की 27 व्होल्ट होतात आणि क्लिप निळी होते. पन्नास-साठला पिवळसर सोनेरी, त्याच्या पुढे गुलाबी, नव्वदच्या आसपास हिरवट. एवढ्या दाबाला रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नसतो. गंमत म्हणजे या रीतीने खरा लाल रंग मिळतच नाही. आणि थर इतका पातळ, की किल्ल्यांशी घासून तो वर्षभरात उडूही शकतो.

या चापाची आणखी एक बाजू आहे आणि ती कारागिरीपुरती नाही. क्लिप चाकू हाताशी आणते, तशी ती चाकू जगाला दाखवतेही. न्यूयॉर्क राज्यात 1958 पासून झटक्याने उघडणाऱ्या एका प्रकारच्या चाकूंवर बंदी होती. पुढे या कायद्याचा अर्थ इतका ताणला गेला, की दुकानात राजरोस मिळणारे साधे घडीचे चाकूही त्यात धरले जाऊ लागले. खिशाच्या काठावर चमकणारी क्लिप पाहून पोलीस माणसाला थांबवत, मनगटाच्या झटक्याने पातं उघडतं का ते पाहत आणि उघडलं तर अटक होई. सापडणाऱ्यांत मजूर आणि कारागीर पुष्कळ होते. अनेक वर्षांच्या वादानंतर 2019 मध्ये ती बंदी उठली. चाकू खिशात खोल बसवणारी, बाहेर थोडीशीच दिसणारी क्लिप पुष्कळांना का हवी असते, हे यावरून कळेल. चाकू अडकू नये हे एक कारण, लोकांनी दचकू नये हे दुसरं. आपल्याकडे सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत पोलीस आयुक्तांचे शस्त्रबंदीचे आदेश निघतात, ते वर्तमानपत्रांत छापूनही येतात. ज्यांच्याकडे असा चाकू आहे त्यांनी ते वाचावेत, आणि विमानात बसताना तो हाताच्या बॅगेत ठेवू नये.

घडवून झालेली क्लिप गिऱ्हाइकाच्या हाती जाते, तेव्हाही ती पूर्ण झालेली नसते. कारागिराने तिला आपल्या खिशावर पारखलेलं असतं, वापरणार दुसराच. म्हणून जाणता कारागीर आधीच विचारतो, पँट कसली घालता, कुठला हात, दिवसातून किती वेळा काढता. आणि देताना ती किंचित घट्टच ठेवतो, कारण सैल करणं गिऱ्हाइकाला घरी जमतं, घट्ट करणं सहसा जमत नाही. सैल करायची ती टोकाखाली पातळ पट्टी सारून, हलकेच उचलून. एकदा उचलायची, दोन दिवस वापरायची, लागली तर आणखी एकदा. पुढे-मागे, पुढे-मागे वाकवत बसायचं नाही, कारण त्याने धातू थकतो आणि एक दिवस वाकाशीच मोडतो. स्क्रूंवर महिन्यातून एकदा नजर टाकायची. एवढं केलं, तर हा दोन इंचांचा चाप वर्षानुवर्षं सकाळी खिशाला लागेल आणि रात्री सुटेल.